सात ते दहा कातळ

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी वासंती डोर्लेकर हे नाव सांगतो. आईला हे माहीत आहे आणि तिला त्यात काही वावगं वाटत नाही. लांज्याच्या काजूच्या कारखान्यात सोलणी करून बोटं काळी पडलेल्या माझ्या आईने मला पदवीपर्यंत पोचवलं. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. पण पदवी घेतलेल्या हातांनी काम कसं करायचं, हे डोर्लेकर मॅडमनी शिकवलं. आई अधूनमधून म्हणते, "त्या बायच्या पाया पडून ये रे एकदा." मी गेलो नाही. का गेलो नाही तेच लिहायला बसलोय, आणि लिहिताना राग येतोय. थोडा हॉस्पिटलचा, बराचसा स्वतःचा.

रत्नागिरीतल्या एका खासगी हॉस्पिटलात मॅडम कॅथलॅबच्या प्रमुख तंत्रज्ञ होत्या. मनगटातून किंवा जांघेतून बारीक नळी घालून हृदयाच्या रक्तवाहिन्या तपासतात, अडलेली असली तर आत जाळीची स्टेंट बसवतात, ती खोली म्हणजे कॅथलॅब. मॅडम मूळच्या पूर्णगडच्या, मासेमारी करणाऱ्या खारव्यांच्या घरातल्या. उंचीला कमी, आवाजाला जास्त. चष्म्याची एक दांडी दोऱ्याने बांधलेली. डब्यात रोज काही ना काही सुकं मासळीचं असायचं आणि कुणी नाक मुरडलं तर त्या डब्याचं झाकण मुद्दाम पूर्ण उघडायच्या.

मी कामावर लागलो त्या दिवशी त्या भांडत होत्या. कोपऱ्यात चाकांच्या गाड्यावर एक यंत्र होतं आणि त्यावर कुणीतरी क्ष-किरणांपासून बचावाचे शिशाचे जड एप्रन टाकले होते.

"हे यंत्र आहे की वलण? कपडे वाळत घालायला आणलंय?" त्या सिस्टरांना विचारत होत्या. "उद्या चड्ड्या पण आणा घरच्या!"

मग माझ्याकडे वळल्या. "तू नवीन ना? हे काय आहे सांग."

मी पुस्तकातलं नाव सांगितलं. आयव्हस. रक्तवाहिनीच्या आतून करायची सोनोग्राफी. नळीच्या टोकाशी अगदी बारीक यंत्र असतं, ते वाहिनीच्या आत जाऊन ध्वनिलहरींनी भिंतीचं चित्र काढतं.

"पाठ आहे," त्या म्हणाल्या. "आता चल."

मला वाटलं यंत्र दाखवतील. त्या मला हॉस्पिटलच्या मागच्या बाजूला, जुन्या विहिरीवर घेऊन गेल्या. जांभ्या दगडात बांधलेली, आता वापरात नसलेली विहीर.

"वाकून बघ. काय दिसतंय?"

"पाणी."

"पाण्याचं चकाकतं वर्तुळ दिसतंय. विहीर कशी आहे सांग."

"चांगली आहे."

"मेल्या, चांगली कशावरून? बांधकामाचे दगड आत सरकलेत का, मागची माती खचलीय का, कुठं पोकळ झालंय का, पाण्याकडे बघून कळतं? अँजिओग्राफी म्हणजे हे पाणी. रंगाचं औषध सोडायचं, वाहतं रक्त किती रुंद ते बघायचं. भिंत बघायची तर आत उतरावं लागतं. ते तुझं ते आयव्हस."

एवढं सोपं करून मला आधी कुणी काही सांगितलं नव्हतं. कॉलेजात सर इंग्रजीत बोलायचे आणि मी मान हलवायचो. मॅडमनी माझी मान हलवणं पहिल्या आठवड्यात बंद केलं. यंत्रासोबत आलेलं जाडजूड इंग्रजी पुस्तक माझ्या हातात दिलं आणि रोज एक पान वाचून मराठीत सांगायला लावलं. चुकलो की म्हणायच्या, "इंग्रजी येत नाही म्हणून गप्प बसलास तर लोक म्हणतील डोकंच नाही. तुला काय ते ठरव." पुस्तक संपायला वर्ष लागलं. त्यानंतर मी परराज्यातून आलेल्या इंजिनिअरशी इंग्रजीत बोललो तेव्हा मॅडम आमच्याकडे पाठ करून खिडकीशी उभ्या होत्या. मला वाटलं ऐकत नाहीत. तो गेल्यावर म्हणाल्या, "तीन चुका. पण घाबरला नाहीस."

आतल्या चित्रासाठी त्यांचे स्वतःचे शब्द होते. भिंतीत साठलेल्या मऊ चरबीला त्या चिखल म्हणत. चुना साठून कडक झालेल्या जागेला कातळ. चित्रात कातळाची कड पांढरीशुभ्र दिसते आणि तिच्या मागे सगळा काळोख, कारण ध्वनिलहरी पलीकडे जातच नाहीत. चित्र गोल असतं, म्हणून जागा घड्याळाच्या आकड्यांवरून सांगायची. 'चार ते सात कातळ' म्हणजे घड्याळात चारपासून सातपर्यंत जेवढी भिंत येईल तेवढी कडक.

यावरून एकदा गंमत झाली. मॅडम दारातून मला ओरडून सांगत होत्या, "लिही, चार ते सात कातळ, पक्का!" बाहेर बाकावर राजापूरकडची एक बाई नवऱ्यासाठी बसलेली. ती उठून गेली ती थेट चार वाजता सगळ्या गोतावळ्याला घेऊन आली. पहारेकऱ्याने अडवलं तर त्याच्यावर उखडली, "आतल्या बायनी सांगितलान चार ते सात पक्का! तू कोन अडवनारा?" मॅडम बाहेर आल्या, सगळं ऐकून घेतलं आणि पहारेकऱ्याला म्हणाल्या, "सोड त्यांना. माझ्याच तोंडची वेळ आहे." त्या दिवशी वॉर्डात सात वाजेपर्यंत चौदा माणसं बसली होती.

प्रत्येक पेशंटचं एक पान आम्हाला हाताने काढायला लागायचं. संगणकात सगळं असायचं, तरी. ज्याची त्याची गणिताची चौकटींची वही, दोन वर्तुळं, एक भिंतीचं आणि एक आतल्या वाटेचं, घड्याळाचे आकडे, कातळ कुठे, चिखल कुठे, सगळ्यात अरुंद जागेचं माप. खाली एकच शब्द, 'पाहिलं', आणि पुढे नाव. सही चालत नसे. "सही माणूस न बघता पण करतो," त्या म्हणत. "आपण बघितलं ना? मग तसं लिहायचं." मापाबद्दलही त्यांचा एकच हट्ट. "रुंद जागा कुणीपण मोजील. अरुंद शोध. माणूस अरुंद जागेतच मरतो."

आणि एक शब्द त्यांनी बंद केला होता. चालेल.

आपण हा शब्द दिवसातून पन्नास वेळा वापरतो. चहात साखर कमी आहे, चालेल. उद्या आलो तर, चालेल. मॅडमच्या खोलीत तो उच्चारला की त्या हातातलं काम ठेवायच्या. "कोण चालेल? पेशंट चालेल? किती पावलं चालेल, सांग ना!" एका सिस्टरने विचारलं, एवढा राग कशाला या शब्दाचा. तेव्हा त्या म्हणाल्या, "माझा बाबा होडीची फळी न् फळी ठोकून बघायचा. सुताराने चालेल म्हटलं की ती फळी काढून फेकायचा. मधे समुद्रात कुणाला सांगणार होता, चालेल म्हणून?"

डॉक्टर सरांना मात्र हा शब्द फार लागायचा. ते हुशार होते, हात हलका होता, मी ते नाकारत नाही. पण त्यांना आयव्हस म्हणजे वेळेचा खोळंबा वाटायचा. स्टेंट बसवली की अँजिओच्या पडद्यावर बघायचे आणि म्हणायचे, "झकास. चालेल ना?" मॅडम म्हणायच्या, "आतून बघूया, सर." दर वेळी. सर उसासा टाकायचे, पण बघायचे. दोघांत हे वर्षानुवर्षं चालू होतं.

मॅडम बहिणीच्या मुलीच्या लग्नाला चार दिवस पूर्णगडला गेल्या, त्यात हे झालं.

पेशंटचं नाव दत्ताराम गोताड. जयगडच्या बंदरात क्रेन चालवणारा, पन्नाशीच्या आतला माणूस. शिडी चढताना छातीत धरल्यासारखं होतंय म्हणून आला. स्टेंट बसली. अँजिओत छान दिसत होती. मी मॅडमची सवय म्हणून म्हटलं, "सर, आतून बघूया?" सर घड्याळ बघत म्हणाले, "बघ पटकन." पुढची केस बाहेर तयार होती.

मी नळी आत घेतली आणि हळूहळू मागे ओढत चित्र बघत गेलो. मधोमध स्टेंट गोल उघडलेली नव्हती. एका बाजूने दबून अर्ध्या चंद्रासारखी झाली होती, कारण तिच्या मागे सात ते दहा कातळ होता. स्वच्छ चित्र होतं. पुस्तकात छापावं असं.

सरांनी पडद्याकडे मान वळवली नाही. हातमोजे काढत म्हणाले, "रांबाडे, चालेल ना?"

मी म्हणालो, "चालेल, सर."

का म्हणालो, याची कारणं मी स्वतःला पुष्कळ दिली आहेत. सर आता मला 'ए'ऐवजी आडनावाने हाक मारत होते, आदल्याच आठवड्यात त्यांनी चारचौघांत माझं कौतुक केलं होतं, बाहेर केस खोळंबली होती. मला वाटलं, थोडंसं दबलंय, रक्त वाहतंय. रिपोर्टमध्ये मी माप लिहिलं ते रुंद जागेचं. पुढे 'स्टेंट पूर्ण उघडलेली' असं टाईप केलं. संध्याकाळी वहीत मात्र चित्र काढलं ते खरं काढलं. हाताला तीच सवय होती. फक्त खाली 'पाहिलं' लिहिलं आणि पुढे नाव लिहिलं नाही.

तीन आठवड्यांनी सकाळी गोताडला गाडीतून आणलं. चेहरा राखेसारखा. स्टेंट गुठळीने बंद झाली होती. मॅडम हजर होत्या. सरांनी गुठळी काढली, मॅडम म्हणाल्या, "आतून बघूया, सर," आणि या वेळी सरांनीही पडद्याकडे बघितलं. तोच अर्धा चंद्र. मग जास्त दाबाचा फुगा घालून कातळाला तडे देऊन स्टेंट उघडली. माणूस वाचला. हृदयाचा एक भाग मेला.

सगळं आवरल्यावर मॅडमनी पहिल्या दिवशीचं रेकॉर्डिंग उघडलं. मी बाजूला उभा होतो.

"तू केलीस?"

"हो."

"सरांनी विचारलं असेल. काय म्हणालास?"

मी नळीचं रिकामं खोकं उचलून कचऱ्यात टाकलं. त्यांना ते कळलं. त्या ओरडतील म्हणून मी खांदे आवळून उभा होतो. त्या ओरडल्या नाहीत. चष्मा काढून पुसला आणि विचारलं, "पान काढलंस त्या दिवशीचं?"

"नाही. घाईत राहिलं."

वही हॉस्पिटलातल्याच माझ्या कपाटात, बदलायच्या शर्टांच्या खाली होती.

चौथ्या दिवशी त्या मला वॉर्डात घेऊन गेल्या. गोताड बायकोच्या खांद्यावर हात टाकून खाटेपासून दरवाज्याकडे निघाला होता. पाच पावलं गेला. मग भिंतीला धरून उभा राहिला, ओठ निळसर झाले, बायकोने स्टूल ओढलं. हा माणूस महिन्याभरापूर्वी क्रेनची शिडी चढत होता.

"चालेल म्हणालास ना?" मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "चालतोय का बघ."

घरी पाठवायच्या कागदांवर कारण लिहिलं होतं, 'रुग्णाने गोळ्या नियमित घेतल्या नाहीत.' स्टेंट बसवल्यावर रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चुकवून चालत नाही, हे खरं आहे. गोताडने त्या चुकवल्या, हे साफ खोटं. त्याची बायको, सुनंदाबाई, कागद वाचता येत नसल्यामुळे तो घेऊन मॅडमकडे आली. मॅडमनी मोठ्याने वाचून दाखवला. बाईने पिशवीतून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. आत गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या, रबराने बांधून ठेवलेल्या.

"एक पन चुकली न्हाय, बाय. मी सोता देत व्हते पान्यासंगती. ह्या बगा. असं कशाला लिवलंनीत?"

मॅडमनी पट्ट्या मोजल्या. दिवसांशी ताडून बघितल्या. मग त्याच कागदाच्या पाठीमागे गोल काढला, त्यात दबलेला अर्धा चंद्र काढला आणि म्हणाल्या, "तुमच्या माणसाची चूक नाही. आत स्टेंट नीट उघडली नव्हती. ते आम्हाला दिसायला हवं होतं." मी दारात उभा होतो. 'आम्हाला' म्हणाल्या. माझ्याकडे बोट दाखवलं नाही.

दोन दिवसांनी व्यवस्थापकांनी बोलावलं. ते, सर, मॅडम आणि मी. पेशंटच्या नातेवाइकांना भडकवल्याचा आरोप मॅडमवर होता. त्या म्हणाल्या, रेकॉर्डिंग बघा. व्यवस्थापक म्हणाले, यंत्रातली जागा भरली म्हणून जुन्या फायली काढल्या. कोणी काढल्या, कधी काढल्या, आजही मला माहीत नाही. माझा रिपोर्ट टेबलावर होता.

"रांबाडे, त्या दिवशीचं चित्र कसं होतं?" व्यवस्थापकांनी विचारलं.

मॅडम माझ्याकडे बघत नव्हत्या. समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होत्या. मला वाटतं, मला मोकळं सोडण्यासाठी.

"अस्पष्ट होतं, सर," मी म्हणालो. "नीट दिसत नव्हतं."

व्यवस्थापकांनी खुर्चीत पाठ टेकली. सरांनी माझ्याकडे बघितलं, आणि त्या नजरेत आभार होते. त्या आभारांची मला अजून शिसारी येते.

मॅडमचा करार पुढे वाढवला नाही. शेवटच्या दिवशी त्यांनी यंत्रावरची धूळ पुसली, नळ्यांचे खोके तारखेप्रमाणे लावले, सिस्टरांशी नेहमीसारखं भांडल्या. दुपारी फाटकातून निघाल्या तेव्हा खांद्याला डब्याची पिशवी आणि दोन्ही हातांत वह्यांचे गठ्ठे. मी मागे धावलो.

"मॅडम, स्टँडपर्यंत येतो. एक गठ्ठा द्या माझ्याकडे."

त्या थांबल्या. चष्म्याची दोरा बांधलेली दांडी कानावर घट्ट बसवायला हात मोकळा नव्हता, म्हणून मान तिरकी करून बघितलं.

"नको," म्हणाल्या. "माझं चालेल."

इतक्या वर्षांत तो शब्द त्यांनी स्वतःसाठी वापरलेला मी पहिल्यांदा ऐकला. मग त्या वळून उतारावरून गेल्या. त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही.

मॅडमच्या जागी मला बसवलं. यंत्रावर पुन्हा एप्रन पडायला लागले, मी काढत राहिलो, पण तोंडाने काही बोलत नव्हतो. असे सात महिने गेले. मग एके दिवशी सुनंदाबाई तपासणीच्या कागदासाठी आली. मला बघून विचारलं, "ती बाय कुठं गेली? तिनी सांगितलान व्हता, आमची चूक न्हाय. आता सगळी बोलतात, गोताडानं गोळ्या खाल्ल्या न्हाईत. पोरगा पन बापाशीला तसाच बोलतो. ह्यांनी बोलनं टाकलंनी. पट्ट्या दाखवल्या तर पोरगा हासतो."

ती गेल्यावर तिथेच, भर दुपारी मी कपाट उघडलं आणि वही काढली. पुढचं मॅडमना लिहिलेल्या पत्रात आहे. ते पत्र मी पूर्णगडला पाठवलं. त्याची नक्कल देतो.

*आदरणीय मॅडम,*

*शि. सा. न.*

*तुम्ही विचारलं होतं, पान काढलंस का. मी नाही म्हणालो. काढलं होतं. सोबत त्याची झेरॉक्स पाठवतो आहे.*

*रविवारी जयगडला गोताडांच्या घरी गेलो. मुलगा घरात होता. त्याच्यासमोर वही उघडली आणि तुम्ही मला दाखवलं होतं तसं दाखवलं. त्यांच्या परसात जांभ्याची विहीर आहे. मुलाला तिथे नेलं. तो म्हणाला, "म्हणजे बाबांनी गोळ्या खाल्ल्या होत्या?" मी म्हटलं, एकही चुकवली नाही, चुकलो तो मी. त्याने माझी कॉलर धरली. सुनंदाबाईंनी सोडवलं. त्याने धरली ते बरं झालं. हॉस्पिटलात कुणी धरली नव्हती.*

*गोताड ओटीवर बसून सगळं ऐकत होते. माझ्याशी बोलले नाहीत. मुलगा आत आला तेव्हा त्याला म्हणाले, "वायच पानी आन." तो आणायला गेला. सुनंदाबाई म्हणाल्या, सहा महिन्यांत ह्यांनी पोराकडे काय मागितलं न्हवतं.*

*मूळ पान मी वहीतून काढून सुनंदाबाईंना दिलं. त्यांनी ते पट्ट्यांच्या डब्यात ठेवलं. सोमवारी व्यवस्थापकांना लेखी दिलं की चित्र स्पष्ट होतं, माप मी चुकीचं लिहिलं, आणि गोळ्यांबद्दलचं वाक्य कागदावरून काढावं. सर म्हणाले, "कशाला उकरून काढतोस? आता काय फरक पडणार?" त्यांना मी विहिरीवर नेऊ शकत नाही. मला कामावर येऊ नका असं सांगितलं आहे. आईला सांगितलं. ती म्हणाली, आता तरी त्या बायकडे जा.*

*मॅडम, मला तुमचाही राग आला होता. तुम्ही त्या खोलीत माझ्याकडे बघायला हवं होतं. तुम्ही बघितलं असतं तर मला खोटं बोलता आलं नसतं. पण हे मी माझ्या भित्रेपणाचं ओझं तुमच्यावर टाकतो आहे, तेही कळतं.*

*माफी मागत नाही. पान अर्धं राहिलं होतं, तेवढं पुरं करून पाठवतो. गोताडांना दिलेल्या पानावरही हेच लिहिलं आहे.*

*स्टेंटचा मधला भाग. सात ते दहा कातळ. तिथे स्टेंट अर्धी मिटलेली. सगळ्यात अरुंद जागा हीच. चित्र स्वच्छ.*

*पाहिलं: संदीप रांबाडे.*